शेतकऱ्याच्या घराचा नकाशा : आखणी आणि मापे

पेरणीपूर्वी शेतकरी बियाणे, खत व पाणी यांचा हिशेब करतो. विहीर खणण्यापूर्वी चार जाणत्यांना विचारतो. घर बांधताना मात्र हाच शेतकरी पुष्कळदा केवळ तोंडी बोलण्यावर विसंबून राहतो. ‘एवढी खोली, येथे दार, तेथे चूल,’ असे काठीने जमिनीवर दाखविले जाते आणि पायाची खोदाई सुरू होते. हंगाम चुकला तर तो पुढील वर्षी साधता येतो. चुकलेली भिंत मात्र पिढ्यानपिढ्या सोबत राहते. कागदावरील चूक रबराने पुसता येते. तीच चूक विटांत उतरली म्हणजे पहार घ्यावी लागते, आणि पाडलेल्या भिंतीचे पैसे परत येत नाहीत. म्हणून घराचा नकाशा व त्यावरील मापे कशी आखावीत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. ती समजण्यास साधे अंकगणित पुरेसे आहे.

तोंडी मापाचा घोटाळा

समजा, मालकाने गवंड्यास ‘तीन मीटरची खोली’ सांगितली. मालकाच्या मनात खोलीच्या आतील जागा तीन मीटर असते. गवंडी तेच माप भिंतीच्या बाहेरील कडेपासून दुसऱ्या भिंतीच्या बाहेरील कडेपर्यंत धरू शकतो. भिंत २३ सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंच जाडीची असेल, तर आत ३०० ऐवजी २५४ सेंटिमीटर जागा राहते. भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजल्यास आत २७७ सेंटिमीटर मिळतात. शब्द एकच, पण खोल्या तीन निरनिराळ्या झाल्या. १९० सेंटिमीटर लांबीची खाट घातल्यावर पहिल्या खोलीत ११० सेंटिमीटर मोकळे उरतात. दुसऱ्या अर्थाने बांधलेल्या खोलीत केवळ ६४ उरतात. तेथे धान्याची कणगी ठेवावी की माणसाने वावरावे, हा प्रश्न मग जन्मभर सुटत नाही.

दुसरा घोटाळा फूट आणि मीटर यांचा आहे. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली; तथापि गवंडी व सुतार यांच्या बोलण्यात फूट-इंच अद्याप आहेत, आणि फितीवर बहुधा दोन्ही मापे छापलेली असतात. दहा फूट म्हणजे ३०४.८ सेंटिमीटर होत, ३०० नव्हेत. एका खोलीत हा फरक लहान वाटतो, परंतु तीन खोल्यांत तो जवळजवळ १५ सेंटिमीटर होतो. म्हणून संपूर्ण नकाशात एकच परिमाण वापरावे व ते कोपऱ्यात लिहून ठेवावे. या लेखात सर्व मापे सेंटिमीटरमध्ये आहेत.

प्रथम जागेचे मोजमाप

घराच्या नकाशापूर्वी जागेचा नकाशा करावा. जागेच्या चारही बाजू मोजाव्यात व त्याबरोबर एक कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर, अवश्य मोजावा. केवळ चार बाजूंवरून जागेचा आकार निश्चित होत नाही. खाटेचे चार गाते तेच असून खाट तिरकी होऊ शकते, तसेच हे आहे. या नकाशावर उत्तर दिशेचा बाण, रस्ता, शेजाऱ्याची हद्द, विहीर, मोठी झाडे व पाण्याचा उतार दाखवावा. गोठा, उकिरडा, शौचखड्डा आणि विहीर यांची परस्परांतील अंतरे आकड्यांनी लिहावीत. जागेच्या नकाशास १ : २०० हे प्रमाण सोयीचे पडते, त्यात एक मीटर कागदावर ५ मिलिमीटर होतो.

नकाशा म्हणजे काय

खिडकीच्या मध्याच्या उंचीवर घर आडवे कापले, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि वरून सरळ खाली पाहिले, तर जे दिसेल तो घराचा नकाशा होय. कापलेल्या भिंती जाड दोन रेषांनी दाखवितात. दाराच्या जागी भिंत तुटते व दार कोणत्या बाजूस उघडते ते वर्तुळाच्या कंसाने कळते. खिडकीच्या जागी भिंतीच्या जाडीत बारीक समांतर रेषा काढतात. नकाशात उंची दिसत नाही. म्हणून जोते, खिडकीचा तळ व छप्पर यांची उंची शेजारी स्वतंत्रपणे लिहावी.

घरासाठी १ : ५० हे प्रमाण घ्यावे. शाळेत वापरतात तो आलेख कागद यास उत्तम. त्यावरील एक मिलिमीटर म्हणजे घरातील ५ सेंटिमीटर, आणि दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. तथापि एक नियम कायम ध्यानात ठेवावा : कागद मोजू नये, आकडा वाचावा. कागद ओल्याने फुगतो, प्रत काढताना नकाशा लहानमोठा होतो आणि भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या छायाचित्रास तर प्रमाणच उरत नाही. अशा वेळी लिहिलेला आकडा तेवढा खरा राहतो. ज्या भिंतीस आकडा नाही, तिचे माप गवंडी आपल्या अंदाजाने ठरवील, हे उघड आहे.

नमुन्याचे घर

उदाहरणासाठी एका ओळीत तीन खोल्यांचे घर घेऊ. पश्चिमेस धान्याची व निजण्याची खोली, मध्ये माजघर आणि पूर्वेस स्वयंपाकघर. उत्तरेस अंगणाकडे ओसरी आणि दक्षिणेस परसू. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्याने दुपारनंतरचे कडक ऊन आखूड भिंतीवरच पडते. ज्या गावी वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो, तेथे चूल पूर्वेस असली म्हणजे धूर घरात न शिरता बाहेर जातो. आपल्या जागी वारा कोठून येतो ते पाहून हा क्रम बदलावा. स्वयंपाकघर, मोरी व पाणी साठविण्याची जागा ठरविताना घरातील स्त्रियांचे मत प्रथम घ्यावे. तेथे दिवसातून शंभर फेऱ्या त्यांनाच घालावयाच्या असतात.

खोल्यांची आतील मापे अशी : निजण्याची खोली ३०० × ३३०, माजघर ३६० × ३३०, स्वयंपाकघर २७० × ३३०. सर्व भिंती २३ जाडीच्या. क्षेत्रफळे अनुक्रमे ९.९०, ११.८८ व ८.९१ चौरस मीटर असून त्यांची बेरीज ३०.६९ चौरस मीटर होते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविले आहे; त्या मानाने हे घर थोडे मोठे आहे.

मापरेषांच्या तीन ओळी

मापे नकाशात वाटेल तेथे विखरून लिहू नयेत. भिंतीच्या बाहेर, तिला समांतर अशा तीन मापरेषा ओढाव्यात. प्रत्येक मापाच्या दोन्ही टोकांस लहान तिरकी खूण करावी, म्हणजे माप कोठून कोठपर्यंत आहे याविषयी संशय राहत नाही.

भिंतीजवळच्या पहिल्या ओळीत दारे व खिडक्या यांची मापे येतात. आपल्या घराच्या उत्तरेकडील भिंतीवर ती पश्चिमेकडून पूर्वेकडे अशी लिहिली जातील :

२३ + १०५ + ९० + १०५ + २३ + १३० + १०० + १३० + २३ + ९० + ९० + ९० + २३ = १०२२

यात पहिली ९० ही निजण्याच्या खोलीची खिडकी, १०० हे माजघराचे मुख्य दार आणि शेवटच्या तीन ९० पैकी मधली ही स्वयंपाकघराची खिडकी होय.

दुसऱ्या ओळीत केवळ भिंती व खोल्या येतात :

२३ + ३०० + २३ + ३६० + २३ + २७० + २३ = १०२२

तिसऱ्या, सर्वांत बाहेरच्या ओळीत घराची एकूण लांबी एकाच आकड्याने लिहितात : १०२२.

तिन्ही ओळींची बेरीज एकच आली पाहिजे. नकाशा शुद्ध आहे किंवा नाही, याची ही पहिली कसोटी होय. बेरीज जुळत नसेल, तर कोठेतरी एक भिंत मोजावयाची राहिली आहे किंवा एखादी खिडकी दोनदा मोजली गेली आहे, असे समजावे. घराच्या रुंदीसही हाच नियम लावावा : २३ + ३३० + २३ = ३७६. ओसरीचे जोते भिंतीच्या बाहेरील कडेपासून पुढे २१० आहे. म्हणून ओसरीसह रुंदी ५८६ झाली.

दारे आणि खिडक्या

प्रत्येक दारास व खिडकीस खूण द्यावी आणि नकाशाच्या कडेस त्यांची यादी करावी. आपल्या घरात द-१ हे १०० × २१० चे मुख्य दार एक. द-२ ही ९० × २१० ची दारे तीन, म्हणजे दोन आतली व एक परसदारी. ख-१ या ९० × १२० च्या खिडक्या तीन आणि ख-२ ही १२० × १२० ची खिडकी एक, माजघराच्या दक्षिण भिंतीत. सुतारास हीच यादी द्यावी. हे माप भिंतीतील मोकळ्या जागेचे आहे, की चौकटीच्या आतील, हेही लिहावे. १०० च्या जागेत साडेसात सेंटिमीटर जाडीची चौकट दोन्ही बाजूंस बसली, तर जाण्यायेण्यास ८५ सेंटिमीटरच उरतात.

आतली दारे भिंतीच्या अगदी कोपऱ्यास लावून काढण्याची पुष्कळ गावी रीत आहे. त्यामुळे कोपरा दुबळा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जड दगडी भिंती व त्यांवरील मातीची जाड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. त्या हानीचे मुख्य कारण बांधणीचा प्रकार हे होते. परंतु घर भूकंपात टिकावे यासाठी जे नियम सांगितले जातात, त्यांत दारे-खिडक्या आतील कोपऱ्यापासून निदान ६० सेंटिमीटर दूर ठेवाव्यात हाही एक आहे. या नियमास पैसा लागत नाही. नकाशावर एक आकडा लिहावा लागतो. आपल्या घरात ३३० लांबीच्या आडव्या भिंतीत दार असे बसेल : ६० + ९० + १८० = ३३०. उरलेल्या १८० मध्ये मांडणी किंवा पेटी भिंतीस लागून ठेवता येते, हा आणखी एक लाभ होय.

भिंतीची लांबी दोन रीतींनी

नकाशावरून सामानाचा अंदाज निघतो. लांब भिंती दोन, प्रत्येकी १०२२. त्यांच्या दरम्यानच्या आडव्या भिंती चार, प्रत्येकी ३३०. एकूण २०४४ + १३२० = ३३६४, म्हणजे ३३ मीटर ६४ सेंटिमीटर. आता तीच लांबी भिंतींच्या मध्यरेषेवरून काढू : ९९९ × २ + ३५३ × ४ = ३४१०. यात आतील दोन भिंतींची चारही टोके लांब भिंतीत प्रत्येकी ११.५ शिरलेली आहेत. त्यांचे ४६ वजा करता ३३६४ च राहतात. दोन्ही रीतींनी एकच आकडा आला, म्हणजे हिशेब बरोबर. गुत्तेदाराने मांडलेली भिंतीची लांबी याहून बरीच अधिक असेल, तर कोपरे दोनदा मोजले आहेत काय, हे मालकाने नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

कागदावरून जमिनीवर

नकाशा जमिनीवर उतरविताना प्रथम उत्तरेकडील १०२२ ची रेषा दोरीने निश्चित करावी. तिच्या टोकाशी काटकोन घेण्यासाठी एका बाजूस तीन मीटर व दुसरीस चार मीटर मोजावेत. त्या दोन बिंदूंतील अंतर बरोबर पाच मीटर भरले, म्हणजे कोन काटकोन झाला. चारही खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. आपल्या घराचा प्रत्येक कर्ण १०८९ सेंटिमीटर भरला पाहिजे. एक कर्ण अधिक व दुसरा कमी आला, तर घर तिरके झाले आहे. बाजूंची मापे बरोबर असली तरी पुढे छपराचे पत्रे व फरशी कधीच नीट बसणार नाहीत. कर्ण जुळल्यावर दोऱ्या पुढे वाढवून खुंट्या खोदाईच्या बाहेर ठोकाव्यात, म्हणजे पाया खणताना खुणा नाहीशा होत नाहीत. त्यानंतर फक्कीने रेघा ओढाव्यात.

खोदाई सुरू करण्यापूर्वी घरातील सर्व माणसांनी त्या रेघांमध्ये एकदा फिरून पाहावे. खाट आणून ठेवावी, चुलीच्या जागी बसून पाहावे, दार कोणत्या बाजूस उघडेल ते हाताने दाखवावे. बदल सुचल्यास तो आधी नकाशावर करावा, तिन्ही ओळींची बेरीज पुन्हा जुळवावी आणि मगच फक्कीची रेघ हलवावी. बदललेल्या नकाशावर तारीख घालून जुना नकाशा रद्द करावा; एकाच घराचे दोन नकाशे फिरू लागले, तर गवंडी एका नकाशाप्रमाणे आणि सुतार दुसऱ्याप्रमाणे काम करतो.

बांधकामाच्या परवानगीसाठी कोणते कागद लागतात, याची चौकशी ग्रामपंचायतीत अगोदरच करावी. भार पेलणारे छत, वरचा मजला किंवा काळ्या चिकण जमिनीतील पाया यांविषयी जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. ते काम या लेखातील माहितीने भागणारे नाही. परंतु आपणांस काय हवे आहे हे मापांसह कागदावर मांडून जो शेतकरी अभियंत्याकडे किंवा गवंड्याकडे जातो, त्याचे घर त्याच्या मनाप्रमाणे होण्याचा संभव अधिक असतो. शब्दांवरून भांडण होते. स्पष्ट लिहिलेला व बेरीज जुळलेला आकडा मालक, गवंडी व सुतार या तिघांना सारखाच बांधून ठेवतो. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनी पहिली कुदळ मारण्यापूर्वी एक संध्याकाळ कागद, पट्टी व पेन्सिल घेऊन बसावे आणि आपले घर प्रथम कागदावर बांधावे.