समान काम, समान पगार: मुंबईतल्या एका स्टेनोचा खटला

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत बायका आणि पुरुष दोघेही स्टेनोग्राफर होते. शॉर्टहँड तेच, टायपिंग तेच. पगार मात्र बायकांना कमी. कामावरून कमी केल्यानंतर ऑड्री डिकोस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. कंपनी म्हणाली, या बायका साहेबांच्या खासगी स्टेनो, त्यांचं काम वेगळं. युनियनशी तसा करार झालाय. आणि जादा पगार परवडतही नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही सबबी फेटाळल्या. मला तिसरीचं उत्तर सर्वांत मोलाचं वाटतं: हा हक्क मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. पगाराची तुलना करताना तुम्हीही पदाचं नाव नको, प्रत्यक्ष काम पाहा.