भाकरी, भात आणि कार्बनचा हिशेब

जेवणाच्या ताटाचा हवामानावर पडणारा भार मोजताना अन्न किती लांबून आले यापेक्षा ते कसे पिकले, याला जास्त वजन आहे. माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंपैकी चौथा ते तिसरा हिस्सा अन्नाच्या वाटेने हवेत जातो. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये अन्नाच्या भाराचा हिशेब मांडला. अन्नाच्या एकूण भारात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला. मोठा वाटा जमीन, खते आणि जनावरे यांचा.

न्यूझीलंडहून बोटीने येणारी किवी त्यामुळे वाटते तितकी गुन्हेगार नाही. बोट टनामागे फार थोडे इंधन जाळते; विमान त्याच्या सुमारे पन्नास पट वायू सोडते. म्हणून फळाने किती मैल काटले यापेक्षा ते कशातून आले, हे विचारावे.

भाताचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. चिखलणी करून पाणी तुंबवलेल्या खाचरात मातीला हवा मिळत नाही. तिथे प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव कुजका पाला पचवून मिथेन तयार करतात आणि तो रोपाच्या पोकळ देठातून, नळीतून यावा तसा, वर येतो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून अधिक उष्णता धरतो. जागतिक सरासरीने किलोभर तांदळामागे सुमारे चार किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, वाटाण्यामागे एक किलोच्या आसपास. खाचर अधूनमधून सुकू दिले तर मिथेन बराच घटतो.

सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी याच्या अगदी उलट. हस्ताच्या पावसानंतर पेरणी होते आणि पुढे बहुतेक ठिकाणी ना पाऊस, ना कालवा. खोल काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपणी करून त्या बुजवतात, म्हणजे ओल उडून जात नाही. शेतकरी कोळपणीला अर्धे पाणीच मानतात. ताण वाढला की ज्वारीची पाने गुंडाळली जातात आणि वाढ थांबते. ओल मिळाली की पुन्हा सुरू होते. पाटाचे पाणी नाही, पंपाची वीज नाही, वर कणसाखाली कडबा मिळतो. (तोच कडबा खाऊन रवंथ करणारी म्हैस मिथेन सोडते, हेही हिशेबात धरायला हवे.)

स्थानिक अन्न म्हणजे जवळचे अन्न, ही व्याख्या म्हणूनच अपुरी. ज्या मातीला आणि पावसाला जे सहज मानवते, ते खरे स्थानिक. कोकणात आभाळातून पडणाऱ्या पाण्यावर पिकलेला भात स्थानिकच आहे. उपशाच्या पाण्यावर पिकलेला भात शेजारच्या शेतातला असला तरी तसा नाही.

डाळींची बाजू भक्कम आहे. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र मातीत बांधतात, त्यामुळे युरिया कमी लागतो आणि युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइडही टळतो. किलोभर पनीरला मात्र पाच-सहा लिटर दूध नासवावे लागते. पिठले आणि पनीर यांत हवामानाच्या दृष्टीने निवड अवघड नाही.

शेवटचा हिस्सा स्वयंपाकघराचा. डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवली की गॅस वाचतो. शिळ्या भाकरीचा कुस्करा करणे हीही बचतच, कारण फेकलेल्या अन्नाबरोबर ते पिकवतानाचा सारा भारही वाया जातो आणि कचराडेपोत कुजताना त्यातून पुन्हा मिथेन निघतो. दुकाने, हॉटेले आणि घरे मिळून २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यातले ६० टक्के घरांत.