बडोदा स्क्वाड्रनचे विमान कसे ओळखावे?



मागील स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात 'जुने बडोदे' या विभागात आम्ही एका लढाऊ विमानाचे छायाचित्र लावले होते. एका विश्वस्तांनी घरच्या अल्बममधून ते मोठ्या आपुलकीने दिले होते. खालची पाटी मात्र आमची : 'बडोदा स्क्वाड्रनचे स्पिटफायर, १९४१.' दुसऱ्या दिवशी नववीतील एक विद्यार्थी कार्यालयात आला व म्हणाला, "सर, स्क्वाड्रन बरोबर आहे, पण साल चुकलंय." तोपर्यंत शे-दोनशे पालकांनी ती पाटी वाचलेली. आम्ही त्याला बसवून घेतले आणि भिंग मागवले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले व विषय इतिहास. विमानांतले आम्हांला काही कळत नव्हते, हे आधीच सांगून टाकतो.

ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी मे १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये उभी राहिली. बडोदा संस्थानाने युद्धासाठी दिलेल्या देणगीमुळे तिला 'बडोदा' हे नाव मिळाले. तेव्हा गादीवर प्रतापसिंहराव गायकवाड होते. त्या काळी देणगीदारांसाठी एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड धरलेली असे. या तुकडीच्या विमानांवर 'ओ' व 'एन' ही इंग्रजी अक्षरे असत. आमच्या छायाचित्रात ती स्पष्ट दिसतात, म्हणून तुकडीविषयी शंका नव्हती.

अडचण पुढे आहे. स्पिटफायर हे एक विमान नव्हे, एक मोठे कुटुंब आहे. याच तुकडीने प्रथम मार्क १ व ५, १९४२ मध्ये मार्क ६, १९४३ पासून मार्क ७ आणि १९४४ मध्ये मार्क ९ वापरले. लांबून सगळी सारखीच! मुलाने विचारले, "आधी कुठं बघायचं सांगा?" आम्ही म्हटले, पुढच्या पंख्याची पाती मोजू. मार्क ५ ला सहसा तीन पाती, मार्क ६ पासून पुढे चार. पण आमचे विमान उडते आहे, पाती फिरून नुसती धूसर चकती झालेली. पाती मोजायची तर विमान जमिनीवर उभे हवे.

खरी खूण पोटाखाली निघाली. मार्क ५ व ६ मध्ये उजव्या पंखाखाली रेडिएटरची चौकोनी पेटी व डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी लहान, अरुंद पेटी असे. पुढच्या इंजिनांत सुपरचार्जर दोन टप्प्यांचा झाला. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला आणखी एक रेडिएटर लागला. त्यामुळे मार्क ७ व ९ मध्ये दोन्ही पंखांखाली सारख्या, खोल पेट्या आल्या. आमचे विमान कलून वळत असल्यामुळे दोन्ही पेट्या दिसतात, आणि त्या सारख्या आहेत. म्हणजे १९४१ तिथेच बाद झाले.

मग ७ की ९? पंखांची टोके लांब व अणकुचीदार होती. फार उंचावर हवा विरळ असते, तिथे पेलण्यासाठी ही टोके लावत. मार्क ६ व ७ खास उंचावरच्या लढाईसाठी होती, वैमानिकाच्या कक्षात हवेचा दाब राखलेला असे. तथापि टोके काढता-बसवता येत, काही मार्क ७ साध्या टोकांनीही उडाली. तेव्हा एवढ्यावर निकाल देणे धोक्याचे. मुलाने भिंग शेपटीकडे नेले : तिथे चाकच नाही! मार्क ९ चे मागचे चाक बाहेरच राही, मार्क ७ चे आत घेता येई. मार्क ७ अवघी १४० बनली. त्यांतले एक आमच्या भिंतीवर होते!

आणखी एक गंमत सांगतो. बाजूच्या गोल चिन्हाभोवतीचे पिवळे कडे आमच्या छायाचित्रात जवळजवळ काळे आहे. त्या काळच्या काही फिल्मना लाल व पिवळा रंग नीट दिसत नसे, तो गडद उमटे. रंगावरून अंदाज बांधणारे इथेच फसतात. कड्याची जाडी मात्र उपयोगी पडते : १९४२ च्या मध्यापर्यंत ते रुंद असे, नंतर बारीक झाले. आमचे बारीक आहे. विमानाचा अनुक्रमांक वाचला असता तर सारे पाच मिनिटांत संपले असते, पण तो भाग पुसट आहे. युद्धकाळात सेन्सॉरवाले असे आकडे छायाचित्रातून काढूनही टाकत. चित्र उलटे छापलेले नाही ना, हेही अक्षरांवरून पाहून घ्यावे. नाहीतर डावा पंख उजवा होतो.

विश्वस्तांना हे सांगताना आम्हांला थोडा संकोच वाटला. त्यांनी नवी पाटी स्वतःच्या हाताने लावली : 'बडोदा स्क्वाड्रन, स्पिटफायर मार्क ७, १९४३-४४.' खाली त्या विद्यार्थ्याचे नावही लिहायला लावले.

ज्या घरी अशी छायाचित्रे असतील त्यांनी ती शाळेत दाखवावीत. आम्ही प्रत काढून मूळ त्याच दिवशी परत करू. कडा कापू नयेत, मागे बॉलपेनने लिहू नये आणि मागे आजोबांनी काही लिहिले असल्यास ते खोडू नये, चुकीचे वाटले तरीही.