वरचा क्रमांक विकत मिळत नाही

उज्जैनला महाकालाचं जुनं शहर रेल्वेमार्गाच्या एका बाजूला आणि माधव नगर दुसऱ्या बाजूला. बोलताना सगळे त्याला फ्रीगंजच म्हणतात. टॉवर चौकाच्या आसपास लॉज, खानावळी, कापडाची आणि मिठाईची दुकानं दाटीवाटीनं उभी आहेत. ऑक्टोबर २०२२मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ हा परिसर खुला झाला, २०२८मध्ये सिंहस्थ आहे. नाशिक-नागपूरहून निघणारं कुटुंब हल्ली घरून निघायच्या आधीच मोबाइलवर खोली, जेवण, पूजा शोधून ठेवतं. आपलं नाव त्या शोधात वर दिसावं असं इथल्या छोट्या व्यावसायिकाला वाटलं, तर त्यात गैर काहीच नाही. पण या इच्छेभोवती गैरसमजांचं मोठं रान माजलं आहे, आणि त्यात कष्टाचा पैसा वाया जातो.

पहिला गैरसमज असा, की गूगलला पैसे दिले की वेबसाइट वर जाते. पैसे दिल्यावर मिळते ती जाहिरात. तिच्यावर ‘प्रायोजित’ अशी चिठ्ठी असते आणि पैसे थांबले की तीही थांबते. तिच्याखाली जे नेहमीचे निकाल दिसतात त्यांचा क्रम जाहिरातीच्या खर्चावर ठरत नाही, असं गूगलनं स्वतः वारंवार स्पष्ट केलं आहे. यात्रेकरूंनीही हा फरक ओळखायला हवा. एप्रिल २०२५मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं इशारा दिला होता, की केदारनाथ-चारधामसारख्या ठिकाणच्या बुकिंगच्या नावानं बनावट वेबसाइटी उभ्या राहतात आणि सर्च इंजिनवर पैसे भरून जाहिरातीही केल्या जातात. सर्वांत वर दिसलं म्हणजे खरं, असं धरून चालू नका. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

‘महिन्याभरात पहिला क्रमांक, गॅरंटी’ असं सांगणारा फोन दुकानदाराला हमखास येतो. गूगलच्या अधिकृत मार्गदर्शनात लिहिलेलं आहे, की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. सुधारणा करून त्यांचं फळ दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही गूगलच्याच लोकांनी सांगितलं आहे. कारण समजून घेतलं की घाई कमी होते. सर्च इंजिनचा संगणक आधी दुव्यादुव्यांवरून फिरत तुमच्या पानापर्यंत पोहोचतो, मग ते वाचून आपल्या सूचीत नोंदवतो, आणि कोणी काही शोधलं की त्या सूचीतून त्या प्रश्नाला, त्या जागेला, त्या भाषेला जुळणारी पानं निवडून क्रम लावतो. म्हणजे ‘पहिला क्रमांक’ अशी एकच खुर्ची नसतेच. फ्रीगंजमध्ये उभ्या असलेल्या माणसाला एक क्रम दिसेल, पुण्यात बसलेल्याला दुसरा.

आता नकाशाबद्दल. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून बोलतो. स्थानिक निकाल प्रामुख्यानं तीन गोष्टींवर ठरतात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, तो किती जवळ आहे आणि त्याची ओळख किती आहे. ‘जवळ’ हा शब्द कानावर पडला की काही जण लॉज फ्रीगंजात असताना नकाशावरची खूण मंदिराच्या दारात नेऊन ठेवतात. नावातही भर घालतात. पाटीवर ‘अमुक लॉज’ असतं आणि गूगलवर ‘अमुक लॉज, महाकाल मंदिराजवळ सर्वांत स्वस्त एसी रूम’. हे नियमाविरुद्ध आहे. पाटीवर जे नाव असेल तेच नकाशावरच्या प्रोफाइलवर हवं, आणि खूण खऱ्या जागी हवी. तक्रार झाली तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. पण नियमापेक्षाही मला त्या कुटुंबाची चिंता वाटते. म्हाताऱ्या आईला घेऊन रात्री अकराला आलेला माणूस मंदिराजवळ रिक्षातून उतरतो आणि त्याला कळतं, की खोली रुळांच्या पलीकडे आहे. तो पुन्हा त्या लॉजकडे फिरकत नाही आणि एक तारा देऊन मोकळा होतो. तो तारा रास्तच आहे.

त्यापेक्षा पत्ता पूर्ण लिहा. माधवनगर सांगलीजवळही आहे, कटनीतही आहे. ‘माधव नगर (फ्रीगंज), उज्जैन, मध्य प्रदेश’ असं वेबसाइटवर, नकाशावर आणि बिलावर एकसारखं असलं की संगणकाचा आणि माणसाचा, दोघांचाही घोळ टळतो. मंदिर किती दूर आहे आणि रिक्षानं किती वेळ लागतो, तेही खरं लिहा.

शब्द ठासून भरण्याचा सोसही जुनाच. ‘उज्जैन हॉटेल, बेस्ट उज्जैन हॉटेल, स्वस्त उज्जैन हॉटेल’ असं पानभर लिहायचं, वर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत आणखी लपवायचं. पानाच्या मागे ‘की-वर्ड’चा एक खास रकाना असतो. तो भरून देण्याचे आजही पैसे घेतले जातात. क्रम लावताना हा रकाना आपण पाहतच नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९मध्ये जाहीर केलं होतं. लपवलेला मजकूर तर सरळसरळ स्पॅममध्ये मोडतो.

मग लिहायचं काय? तुम्हाला रोज फोनवर जे विचारतात, ते. भस्म आरती पहाटे चारला असते. तिला जाणाऱ्याला विचारायचं असतं, की लॉजचं दार रात्री दोनला उघडेल का, त्या वेळी गरम पाणी मिळेल का, रिक्षा कुठून घ्यायची. या तीन प्रश्नांची नेमकी उत्तरं देणारं एक पान ‘आमच्याकडे उत्कृष्ट सेवा मिळेल’ अशा दहा पानांपेक्षा मोलाचं आहे. उज्जैनच्याच भैरवगढच्या बाटिक छपाईचं कापड विकणाऱ्यानं गरम मेणाचे फोटो टाकावेत, रंगात बुडवल्यावर मेणाला पडणाऱ्या तड्यांतून ती बारीक जाळी कशी उमटते ते लिहावं, धुताना काय काळजी घ्यायची ते सांगावं. २०२३मध्ये या छपाईला भौगोलिक मानांकन मिळालं, हेही सांगावं. हे ज्ञान त्याच्याजवळ आहे, दिल्लीतल्या घाऊक साइटजवळ नाही.

पानाच्या शीर्षकाकडे मात्र बहुतेकांचं साफ दुर्लक्ष असतं. शोधनिकालात निळ्या अक्षरांत सहसा तेच दिसतं. कितीतरी साइटींच्या प्रत्येक पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’ असतं. त्याऐवजी ‘मराठी भोजनालय, फ्रीगंज, उज्जैन: वेळा आणि थाळीचे दर’ असं लिहायला दमडीही लागत नाही. दरपत्रक नुसतं फोटोत टाकू नका, अक्षरांतही द्या. फोटोतला मजकूर संगणकाला नीट वाचता येईल याचा भरवसा नसतो.

‘मराठीत लिहून काय उपयोग, गूगलला इंग्रजीच कळतं’ हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं. पूर्वी त्यात तथ्य होतं, पण कारण वेगळं होतं. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसायचा, आत मात्र इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असायची. त्यामुळे मराठीतलं कितीतरी चांगलं लेखन वर्षानुवर्षं शोधात सापडलंच नाही. युनिकोडमध्ये लिहिलं की ती अडचण संपते. वाक्याचा संदर्भ समजून घेणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलनं डिसेंबर २०१९मध्ये सत्तरहून अधिक भाषांत आणली, त्यांत मराठी आहे. उज्जैनमधल्या व्यावसायिकानं हिंदी पान ठेवावंच, पण शेजारी मराठी पान स्वतंत्रपणे लिहावं. मराठीतून शोधणाऱ्याला आज धड पानं फारशी मिळत नाहीत, म्हणून तिथे छोट्यालाही जागा आहे.

वर येण्यासाठी सर्च इंजिनला फसवणं किंवा दुसऱ्या साइटींवर लिंक विकत घेणं, याबद्दल मोठ्यांचे अनुभव पुरेसे बोलके आहेत. सर्च इंजिनसाठी वेगळी पानं दाखवल्यामुळे बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट फेब्रुवारी २००६मध्ये गूगलच्या निकालांतून काढून टाकली गेली. जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची पेरलेल्या लिंकांची भानगड २०११मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं उघड केली आणि तिचे क्रमांक धाडकन खाली आले. पुढच्याच वर्षी असल्या लिंकांवर नजर ठेवणारी ‘पेंग्विन’ ही सुधारणा लागू झाली. इतक्या मोठ्या कंपन्यांना सूट मिळाली नाही, ती फ्रीगंजातल्या लॉजला कशी मिळेल? खरी लिंक ओळखीतून मिळते. एखाद्या यात्रा मंडळाच्या साइटवर तुमचा उल्लेख, एखाद्या प्रवासलेखकानं दिलेला दुवा, स्थानिक वृत्तपत्रातली बातमी.

रिव्ह्यूंचंही तेच. जेवणाऱ्याला बिल देताना ‘अभिप्राय लिहा’ म्हणणं योग्य. ‘पाच तारे द्या, लस्सी फुकट’ हे गूगलच्या नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोनंही २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं आहे.

हल्ली नवी टूम निघाली आहे. एआयकडून एका रात्रीत पाचशे पानं लिहून घ्यायची. एआयची मदत घेतली म्हणून शिक्षा होत नाही, मजकूर उपयोगी आहे का ते पाहिलं जातं. पण नुसता क्रमांक मिळवण्यासाठी ढिगानं पानं पाडणं मार्च २०२४पासून गूगलच्या स्पॅम नियमांत स्पष्टपणे नोंदलेलं आहे, मग ती माणसानं लिहिलेली असोत की यंत्रानं.

तेव्हा कोणाला पैसे देण्याआधी ‘सर्च कन्सोल’ हे गूगलचं मोफत साधन स्वतःच्या खात्यानं सुरू करा. लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत येतात आणि कोणती पानं सूचीत आलेलीच नाहीत, ते तिथे दिसतं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आणि नकाशावरचं प्रोफाइल स्वतःच्या नावावर ठेवा, एजन्सीच्या नाही. आणि काम घेणाऱ्याला सांगा, की साइटवर नेमकं काय बदलणार ते कागदावर लिहून द्या. लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याला काम देऊ नका.