जात, जिना आणि उकाडा : घराला साजेसा कुत्रा निवडताना

घरात कुत्रा आणायचे ठरले की शहरी मराठी कुटुंबात पहिला प्रश्न 'कोणत्या जातीचा?' हाच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा एखाद्या चित्रपटाने, जाहिरातीने किंवा शेजारच्या इमारतीतील कुत्र्याने आधीच देऊन ठेवलेले असते. १९९४ मधील 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफी किंवा २००३ मधील हच कंपनीच्या जाहिरातीतील पग या प्राण्यांनी एका पिढीच्या मनात कुत्र्याचे चित्र कसे असावे हे ठरवून टाकले. अमेरिकेतील श्वाननोंदणीच्या जुन्या आकडेवारीवर आधारलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की गाजलेल्या चित्रपटात झळकलेल्या जातीची मागणी पुढे दहा वर्षांपर्यंत चढी राहू शकते. अशी मागणी येते तेव्हा तो प्राणी कोणत्या हवामानात, किती मजल्यांच्या घरात आणि दिवसातून किती तास एकटा राहणार आहे, याचा विचार कोठेच झालेला नसतो. 'कोणत्या जातीचा?' या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत : एक शरीराचा आणि दुसरा स्वभावाचा. जात पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच खात्रीने देते; दुसऱ्याचे मात्र फारच तुटपुंजे देते.

याचे कारण श्वानजातींच्या इतिहासात आहे. माणूस आणि कुत्रा यांचे साहचर्य किमान पंधरा हजार वर्षांचे मानले जाते. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. या दीर्घ काळात राखण, शिकार, गुरे-मेंढ्या वळवणे अशा कामांसाठी उपयोगी पडतील असे कुत्रे लोक जपत आले, पण त्यांच्यात बंदिस्त वंशावळी नव्हत्या. नोंदवही ठेवून, ठरावीक रंगरूपाच्या नर-मादीचीच संतती 'शुद्ध' मानण्याची पद्धत ही एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची देणगी आहे; तेथे १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली. आज ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक जाती म्हणजे जेमतेम दीडशे-दोनशे वर्षांची निवड आहे, आणि ही निवड मुख्यत्वे दिसण्यासाठी झालेली आहे.

स्वभावाच्या बाबतीत याचा परिणाम काय झाला, हे 'सायन्स' या नियतकालिकात एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. कॅथलीन मॉरिल, एलिनॉर कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती त्यांच्या मालकांकडून मिळवली आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकसंच, म्हणजे पेशीतील संपूर्ण आनुवंशिक मजकूर, तपासला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यापैकी सरासरी केवळ ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. वर्तन आनुवंशिक नसते असा याचा अर्थ नव्हे. अनेक स्वभावगुण आईबापांकडून पिल्लांकडे येतात, परंतु ते जातीच्या सीमारेषा पाळत नाहीत. आज्ञेला प्रतिसाद देण्याची तयारी हा गुण जातीशी त्यातल्या त्यात अधिक जोडलेला आढळला, तर चटकन चिडण्याच्या वृत्तीचा जातीशी असलेला संबंध नगण्य होता. मिश्र रक्ताच्या कुत्र्यांमध्ये लॅब्राडॉरचा अंश अधिक असला म्हणून तो कुत्रा माणसांत अधिक मिसळणारा निघाला नाही. लॅब्राडॉर म्हणजे मायाळू या सर्वमान्य समजुतीला बसलेला हा धक्का कुटुंबांनी गांभीर्याने घेण्यासारखा आहे.

याच मुद्द्याला एक सार्वजनिक बाजूही आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींना हिंस्र ठरवून त्यांच्या पैदाशीवर व विक्रीवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. मोठ्या जबड्याच्या, वजनदार कुत्र्याने घेतलेला चावा अधिक घातक असतो, हे निर्विवाद आहे. तो आवरण्याची ताकद, जागा आणि प्रशिक्षणाची तयारी ज्या घरात नाही, त्या घराने असा कुत्रा आणूच नये. मात्र यादीबाहेरची जात आहे म्हणून कुत्रा निर्धोक आहे, असे समजून लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडणे ही तितकीच गंभीर चूक आहे.

जातीच्या नावाने स्वभाव कळत नसला, तरी जुन्या कामाचे अवशेष मात्र कळू शकतात. लांडग्याची शिकार ही एक साखळी असते : हेरणे, टक लावणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड आणि चावा. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी या साखळीतील वेगवेगळ्या कड्या बळकट केल्या किंवा दुबळ्या केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत टक लावणे आणि पाठलाग तीव्र झाला, चावा मागे पडला. कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यांत ही साखळीच मंदावली. महाराष्ट्राला जवळचे उदाहरण आहे ते कारवानी कुत्र्याचे, ज्याला सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ म्हणतात आणि ज्याच्या लांब केसांच्या प्रकाराला पश्मी हे नाव आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करणारा आहे. त्याची छाती खोल, पोट आत ओढलेले आणि पाय लांब असतात. त्याच्या अंगात उष्णता सहन करण्याची ताकद आहे, त्याचे केस राखायला सोपे आहेत आणि आपल्या मातीतला प्राणी म्हणून त्याच्याविषयी वाटणारा अभिमानही रास्त आहे. तरीही धावणारे मांजर दिसताच सुटणारा हा वेगवान प्राणी दोन खोल्यांच्या घरात, दिवसातून दोनदा खाली फिरवून आणण्यावर समाधानी राहील, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. कुंपण असलेला मळा किंवा मोकळे आवार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी त्याचा विचार अवश्य करावा.

शरीराच्या प्रश्नात महाराष्ट्रापुरता सर्वांत मोठा घटक हवामान हा आहे, आणि आश्चर्य म्हणजे खरेदीच्या वेळी त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. माणसाला सर्वांगावर घाम येतो. कुत्र्याला तो प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांवर येतो आणि तो नगण्य असतो. कुत्र्याचे शरीर थंड होते ते धापा टाकण्याने, म्हणजे नाक, तोंड व जीभ यांच्या ओलसर पृष्ठभागावरून वेगाने हवा नेऊन होणाऱ्या बाष्पीभवनाने. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. चंद्रपूर, अकोला किंवा नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा शरीरापेक्षा गरम असते, त्यामुळे उष्णता अंगातून बाहेर जाण्याऐवजी बाहेरून अंगात शिरू लागते आणि बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. मुंबई आणि कोकणात पारा तुलनेने खाली असला, तरी हवेतच बाष्प भरलेले असल्यामुळे तो एकमेव मार्गही मंदावतो. कोरडा उन्हाळा आणि दमट उन्हाळा हे दोन्ही कुत्र्याला वेगवेगळ्या रीतीने जड जातात.

आता याच यंत्रणेवर पगचा चेहरा बसवून पाहावा. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू या जातींत कवटीचे हाड आखूड करण्यात आले, परंतु आतील मऊ ऊती त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत. परिणामी नाकपुड्या अरुंद, टाळू लांबट आणि श्वासमार्ग चोंदलेला राहतो. या कुत्र्यांचे झोपेतील घोरणे पुष्कळांना गोड वाटते. वैद्यकीय दृष्टीने ते अडलेल्या श्वासाचे लक्षण आहे. ब्रिटनमधील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या पशुवैद्यकीय नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लॅब्राडॉरच्या तुलनेत उष्माघाताशी संबंधित आजाराचा धोका चाउ चाउ जातीत सुमारे १७ पट आणि बुलडॉगमध्ये सुमारे १४ पट आढळला. ही आकडेवारी ब्रिटनसारख्या थंड देशातील आहे. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेल्या, दुहेरी केसांच्या हस्कीला विदर्भात किंवा मुंबईत चोवीस तास वातानुकूलित खोलीत ठेवून त्याचा प्रश्न सुटत नाही, कारण लांब पल्ला धावण्याची त्याची गरज त्या खोलीत भागत नाही. महाराष्ट्रात हस्की, सेंट बर्नार्ड आणि चपट्या तोंडाच्या जाती पाळूच नयेत, असे स्पष्ट मत येथे नोंदवणे आवश्यक आहे.

उकाड्याइतकी ठळक नसली, तरी घराची रचनाही महत्त्वाची असते. डॅशहुंडचे आखूड पाय हे वाढ नियंत्रित करणाऱ्या एफजीएफ-४ या जनुकाच्या जादा प्रतीमुळे होतात, आणि अशाच जादा प्रतीशी मणक्यांमधील गादी अकाली कडक होऊन सरकण्याचा धोकाही जोडलेला आहे. उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने डॅशहुंडला रोज जिने चढ-उतार करायला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉर यांच्यात खुब्याचा सांधा नीट न घडण्याचा दोष वारंवार आढळतो व गुळगुळीत फरशीवर घसरणाऱ्या पायांनी तो अधिक त्रासदायक होतो. लॅब्राडॉरच्या खादाडपणाचे मूळही जनुकांत सापडले आहे : केंब्रिजमधील एलेनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, ज्यामुळे पोट भरल्याचा संकेत मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. अंधांना साहाय्य करण्यासाठी आणि तत्सम कामांसाठी प्रशिक्षित केलेल्या लॅब्राडॉरांमध्ये हे प्रमाण तब्बल तीन चतुर्थांश होते. खाऊच्या आशेने शिकणारा कुत्रा प्रशिक्षणाला सोपा जातो, हे त्यामागचे संभाव्य कारण. आजी-आजोबा, मुले आणि पाहुणे अशा प्रत्येकाच्या हातून पोळीचा तुकडा मिळणाऱ्या घरात मात्र असा कुत्रा वर्षभरात लठ्ठ होतो.

घराने स्वतःचा दिवसही प्रामाणिकपणे मोजावा. सकाळी नऊला सर्व जण बाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्या घरात पिल्लू आणणे चुकीचे आहे, कारण लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते आणि दीर्घ एकटेपणातून भुंकणे, दारे ओरबाडणे, वस्तू फाडणे असे वर्तन उद्भवते. ग्रेट डेनसारखा महाकाय कुत्रा साधारण आठ ते दहा वर्षे जगतो, लहान चणीचा कुत्रा पंधरा वर्षांपर्यंतही सोबत करतो. दहावीतील मुलाच्या हट्टासाठी आणलेला प्राणी ते मूल शिक्षणासाठी परगावी गेल्यावर घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला येतो, तेव्हा साखळीला हिसका बसला तर ती त्यांना सावरता येईल का, हे आधीच पाहायला हवे. सोसायटीचा विरोध हा अडथळा मानण्याचे कारण नाही : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि आवारातील विष्ठा स्वतः उचलणे ही मालकाची कर्तव्ये मात्र सुटत नाहीत.

स्वभाव जातीने ठरत नाही, तर तो कशाने घडतो? त्याचे एक भक्कम उत्तर अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या दीर्घ संशोधनातून मिळाले. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ असतो, म्हणजे या अवधीत ज्या माणसांचा, आवाजांचा आणि प्राण्यांचा शांतपणे परिचय होतो, ते पुढे आयुष्यभर आपले वाटतात. तेथेच झालेल्या आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चौदा आठवडे माणसाच्या संपर्काविना वाढवलेली पिल्ले नंतर माणसाला रानटी प्राण्यासारखी बुजू लागली. पिंजऱ्यात वाढलेले, पाचव्या आठवड्यातच आईपासून तोडलेले पिल्लू विकत घेणारे कुटुंब या काळातील नुकसानही सोबत घरी आणते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते. जो विक्रेता नोंदणी दाखवत नाही किंवा पिल्लाची आई पाहू देत नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

पिल्लांच्या घोळक्यातून जे स्वतःहून धावत येते ते निवडावे, हा सल्लाही फारसा टिकत नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी बॉर्डर कॉलीच्या पिल्लांची सहा-सात आठवड्यांची असताना चाचणी घेऊन तीच मोठी झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा दोन्ही निकालांत फारच थोडा मेळ आढळला. दोन वर्षांचा कुत्रा मात्र जसा आहे तसा समोर दिसतो : तो अनोळखी माणसाला, मुलांच्या गोंगाटाला, फटाक्यांच्या आवाजाला कसा सामोरा जातो, हे दोन-तीन भेटींत कळते. म्हणूनच प्राणिसंस्थेत वाढलेला, लसीकरण व नसबंदी झालेला प्रौढ गावठी कुत्रा ही तुच्छतेने बाजूला सारण्याची निवड नव्हे. आखूड केस, मध्यम चण, मोकळे नाक आणि बंदिस्त वंशावळीतील कुत्र्यांपेक्षा मोठे आनुवंशिक वैविध्य हे गुण येथील हवामानाने आणि मोकळ्या संकरानेच त्याला दिले आहेत. त्यालाही सवय लागायला महिने लागतात आणि रस्त्यावर भेदरलेला प्रत्येक कुत्रा घरात रुळतोच असे नाही, त्यामुळे घरातील सर्वांनी, विशेषतः मुलांनी आणि ज्येष्ठांनी, त्याला आधी भेटणे आवश्यक ठरते. इतकी काळजी घेतल्यास, महाराष्ट्रातील सदनिकेत राहणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांसाठी हीच निवड सर्वांत साजेशी आहे.