नवसागर आणि रिकामी टाकी

काळा मासा कोजागरीच्या सकाळी गेला. टाकी दसऱ्याला आणली होती. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच, आणि तिच्यात आठ सोनेरी नि एक काळा असे नऊ गोल्डफिश. हा आकडा वास्तूवाल्यांचा. काळ्याचं काम घरावर येणारी इडापिडा ओढून घ्यायचं. शेजारच्या काकू मेलेला मासा बघून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. काहीतरी येणार होतं तुमच्यावर, त्यानं अंगावर घेतलं बिचाऱ्यानं." मग एक सोनेरी गेला, मग दोन, आणि धनत्रयोदशीपर्यंत टाकी रिकामी. नऊ माशांना पुरेल एवढं संकट आमच्या दोन बेडरूमच्या ब्लॉकवर कुठून चालून आलं होतं, ते काही मला कळेना.

पाणी मात्र शेवटपर्यंत काचेसारखं स्वच्छ होतं. दुकानदारानं आणखी एक औषधाची बाटली दिली आणि "नवीन टाकीत एवढं होतंच" म्हणाला. होतंच, हे खरं. का होतं, ते त्यानं टाकी विकताना सांगायला हवं होतं.

माशाच्या शरीरात अन्नातली प्रथिनं पचली की अमोनिया उरतो. आपल्यालाही उरतो, पण आपलं यकृत त्याचा युरिया करतं, कारण अमोनिया अंगात साठू देणं परवडत नाही. मासा हा खटाटोप करत नाही. चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे तो बहुतेक अमोनिया सरळ कल्ल्यांतून सोडून देतो. नदीत तो वाहून जातो. आमच्या टाकीत वाळू वजा जाता जेमतेम साठ लिटर पाणी होतं, आणि जायला वाट नव्हती. त्यातून गोल्डफिश म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातला खादाड गडी. त्याला जठर नाही, त्यामुळे समोर येईल ते सतत खाणार आणि तितकंच पाण्यात टाकणार. आणि आम्ही पाचही दिवस कौतुकानं दिवसातून चारदा दाणे टाकत होतो.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक बरंच निरुपद्रवी, दुसरं विषारी. विषारी भाग किती, हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. दख्खनच्या बोअरचं पाणी सहसा जड आणि अल्कधर्मी असतं, आणि आमच्या सोसायटीत धरणाचं पाणी अर्धं आणि बोअरचं अर्धं. म्हणजे शेजारच्या पेठेत नुसत्या धरणाच्या पाण्यात जो मासा तग धरेल, तो आमच्याकडे तेवढ्याच घाणीत तडफडेल. कल्ले जळतात, मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. आम्हाला वाटायचं, भूक लागली. आम्ही पुन्हा दाणे टाकायचो.

या सगळ्यावर उपाय माणसाला माहीत झाला तो मासे पाळताना नव्हे, सांडपाण्याचा विचार करताना. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. वरून अमोनिया जायचा, खालून अमोनियाच यायचा. वीस दिवस काहीच घडलं नाही. मग अचानक खालून नायट्रेट येऊ लागलं. ही नुसती रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, नायट्रेट बंद. क्लोरोफॉर्म घालवून बागेतल्या मातीचं पाणी ओतलं, काही दिवसांनी पुन्हा सुरू. नळीत कोणीतरी जिवंत होतं. पुढे १८९० च्या सुमारास झुरिचमध्ये विनोग्राडस्कीनं ते जीवाणू वेगळे काढून दाखवले. उजेड नको, सेंद्रिय अन्न नको. अमोनिया जाळून त्या ऊर्जेवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधणारे जीव.

ते वीस दिवस मी वाचले आणि आमच्या नऊ माशांचा हिशेब लागला. त्यांना आणलं तेव्हा टाकीत हे कोणीच नव्हतं.

काम दोन पाळ्यांत चालतं. पहिली फळी अमोनियाचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषच, ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, कल्ले तपकिरी पडतात, आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. दुसरी फळी त्याचं नायट्रेट करते, जे बऱ्यापैकी साठलं तरी चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. ही दुसरी फळी म्हणजे नायट्रोबॅक्टर, असं वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं जायचं. १९९८ मध्ये अमेरिकेत हॉवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तर काम करताना सापडले ते नायट्रोस्पायरा. २०१५ मध्ये तर दोन्ही पाळ्या एकटाच करणारा नायट्रोस्पायरा संशोधकांच्या दोन गटांना सापडला, आणि त्यातल्या एकाला तो मिळाला मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. हे जीव पाण्यात तरंगत नाहीत फारसे. स्पंजला, वाळूला, काचेला धरून राहतात. आणि वाढतात संथ. दुधाचं दही रात्रीत लागतं, पण यांना दुप्पट व्हायला दिवस-दीड दिवस लागतो.

म्हणून मासे आणण्याआधी रिकाम्या टाकीला अमोनिया खाऊ घालून ही वस्ती वसवायची. हौशी लोक याला टाकी 'सायकल' करणं म्हणतात. पुण्यात हा शब्द उच्चारला की ऐकणारा आधी हँडल डोळ्यासमोर आणतो, पण इलाज नाही, रूढ झालाय.

दुसऱ्या वर्षी मी तीन फुटी टाकी घेतली, वाळू-दगड वजा जाता १४० लिटर पाण्याची. मुहूर्त काढला अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाचा. हिशेब सोपा होता. पुढे पितृपक्ष, त्यात आई घरात नवीन जीव आणू देणार नाही. मग नवरात्र, आणि दिवाळीपर्यंत एकूण सहा आठवडे. एवढाच वेळ लागतो साधारण. पाणीही सप्टेंबर-ऑक्टोबरात आपसूक २६-२७ अंश राहतं. हेच डिसेंबरात करायला गेलं तर पुण्याच्या थंडीत हे जीवाणू गारठून बसतात.

अमोनिया आणायचा कुठून? काहीजण टाकीत दाणे टाकून ते कुजू देतात. चालतं, पण किती अमोनिया झाला याचा पत्ता लागत नाही, आणि घरात वास सुटतो. उत्तम पदार्थ अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कथिल फिरवण्याआधी पांढरी पूड टाकून भसकन धूर काढायचा, तोच. मी हौसेनं कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. कारागिरानं डब्यातून करड्या रंगाचा खडा काढून दिला, आणि कशाला हवाय म्हणून विचारलं. माशांसाठी म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा वेळ बघतच राहिला. गावठी दारूवाले नवसागर नेतात हे त्याला माहीत असणार, मासेवाला पहिलाच. पण घरी येईपर्यंत माझ्याच ध्यानात आलं की तांब्याच्या कामाच्या जागेतला खडा, त्यात तांब्याचा अंश असू शकतो, आणि तांबं माशांना बाधतं. तो खडा अजून फडताळात आहे. टाकीसाठी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध नवसागर आणला.

माप असं: ६.३ ग्रॅम नवसागर लिटरभर पाण्यात विरघळवायचा. टाकीतल्या दर लिटर पाण्यामागे हे द्रावण १ मिलिलिटर दिलं की टाकीत २ पीपीएम अमोनिया होतो. माझ्या टाकीला १४० मिलिलिटर, म्हणजे कोरडा नवसागर एक ग्रॅमही नाही. चिमूटभर. जास्त घालून काम लवकर होत नाही, उलट दुसरी फळी मागे पडते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारायचं, कारण ते पाण्यात टाकलेलंच मुळी जीवाणू मारायला असतं. दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळतं ते बहुधा सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोग्राफरांचं हायपो. फिल्टर आणि हवेचा पंप चोवीस तास चालू, कारण या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो.

एक खर्च टाळू नये, तो थेंबांच्या तपासणी संचाचा. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर पिवळं, असेल तर पोपटी, फार असेल तर गर्द हिरवं. नायट्राइट नसेल तर फिकं आभाळी, असेल तर जांभळं. पहिला आठवडा रोज रात्री माझ्या ओट्यावर एक हिरवी आणि एक आभाळी नळी, बदल काही नाही. बायको विचारायची, "आज काय रंग?" मी म्हणायचो, "कालचाच." आठव्या दिवशी आभाळीत किंचित जांभळी झाक आली. उजेडात धरून, पांढऱ्या कागदावर ठेवून तीनदा बघितली.

मग सगळं अडलं. सर्वपित्रीच्या आसपास अमोनिया उतरायचा थांबला, चार दिवस नळी तशीच हिरवी. पीएच मोजला तर ६ च्या जवळ. चौकशी केल्यावर उलगडा झाला. "माशांना काय ते बोअरचं मचूळ पाणी" म्हणून आई पाणी उडून कमी झालं की आरओच्या नळाखाली बादली लावून टाकी भरत होती, आणि सुरुवातीलाही अर्धी टाकी मीच त्या पाण्यानं भरली होती. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतं. आणि अमोनिया पचवताना आम्ल तयार होतं. अमोनियातला १ ग्रॅम नायट्रोजन नायट्रेट होईपर्यंत पाण्यातला सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षार खर्ची पडतो. तो संपला की पीएच घसरतो आणि जीवाणू काम टाकून बसतात. श्लोसिंग-म्युंट्झच्या नळीत वाळूबरोबर चुनखडी होती, ही गोष्ट मी वाचून पुढे गेलो होतो. आता तिचं मोल कळलं. गुहागरहून मुलीनं आणलेले शिंपले खिडकीत पडून होते. ते उकळून, ठेचून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरजवळ ठेवले, अर्धं पाणी काढून तेच मचूळ पाणी भरलं. घटस्थापनेनंतर चार दिवसांत नळी पोपटी झाली, दसऱ्याला पिवळी.

नायट्राइट मात्र कोजागरी उलटली तरी गर्द जांभळं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. अमोनिया शून्य झाला ना, मग आणा मासे, असं वाटतं. अडतिसाव्या दिवशी रात्री जांभळं होतं ते सकाळी आभाळी झालं. इतकं अचानक, की मला आधी थेंब टाकायला विसरलो असं वाटलं. पूर्ण मात्रा पुन्हा दिली, चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दोन दिवस हेच करून बघितलं. नायट्रेटची नळी लालभडक आली, म्हणून बहुतेक सगळं पाणी बदललं, आणि वसुबारसेला दोन मासे आणले. नऊ नाही, दोन. वाढलेला गोल्डफिश वीतभर होऊ शकतो, हे दुकानातला बोटाएवढा मासा बघून पटत नाही. आणि नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षांचा होऊन १९९९ साली मेला. आपल्याकडे त्याला हंगामी समजतात, झेंडूच्या माळेसारखं.

सहा आठवडे वाचवायचे असतील तर एकच खरा आडमार्ग आहे, विरजण. कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणायचा, ओला ठेवायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. आठ-दहा दिवसांत काम होऊन जातं. बाटलीतले जीवाणूही विकत मिळतात. काही चालतात, पण उन्हात दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उभ्या असलेल्या बाटलीत कोण जिवंत असेल, याचा विचार आपणच करावा. आणि ज्यांच्या घरी मासे आधीच येऊन पडलेत, भेट म्हणून वगैरे, त्यांनी रोज पाव ते तृतीयांश पाणी बदलावं, दाणे दिवसाआड आणि मोजके टाकावेत. नायट्राइट चढलं तर लिटरला १ ग्रॅम साधं मीठ घालावं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरायच्या वाटेवर नायट्राइटला अडवतं.

यातलं काहीच ठाऊक नसताना १८५० मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टननं काचेच्या भांड्यात समतोल साधून दाखवला, तोही दोन छोट्या गोल्डफिशवरच. पाणवनस्पती घातली, तिची पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, मग गोगलगायी सोडल्या, आणि जमलं. वनस्पती, गोगलगाय, मासा, एवढाच हिशेब त्याला दिसत होता. त्याच्या भांड्याच्या वाळूत चौथं कोणी राबत असणार, ते नेमकं कोण हे कळायला पुढे चाळीस वर्षं गेली.

आता मासे वर्षाचे झालेत. दिवाळीच्या साफसफाईत टाकीला हात लावायचा नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा मीच काढतो आणि टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळतो. पाणी उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं होतं. नळाखाली धरला तर क्लोरीननं वर्षाची वस्ती धुऊन निघेल. परवा ते चाललं होतं तेव्हाच काकू चिवड्याचा डबा घेऊन आल्या. टाकीपाशी उभ्या राहून त्यांनी मासे मोजले.

"दोनच? आणि काळा नाही ठेवलास?"

"नाही. इडापिडा घ्यायला हा आहे," म्हणत मी स्पंज वर धरला.

काकूंनी नाकाला पदर लावला. "शी! काय मेला बरबटलाय तो. दे इकडे, नळाखाली साबण लावून घासून देते."