रचना बदलताना संघांना काय सांगावे?
अमेरिकेतील ‘फर्स्ट रोबोटिक्स’ या शालेय स्पर्धेत मिशिगनने २००९ मध्ये आणि टेक्सासने २०१९ मध्ये ‘रीजनल’ पद्धत सोडून ‘डिस्ट्रिक्ट’ पद्धत स्वीकारली. पूर्वी एक रीजनल जिंकल्यास जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत थेट प्रवेश मिळे. नव्या पद्धतीत मूळ शुल्कातच दोन स्पर्धा खेळता येतात आणि त्यांतील गुणांवर डिस्ट्रिक्ट अजिंक्यपद स्पर्धेतील प्रवेश ठरतो. हा लाभ आवर्जून सांगितला जातो. मात्र त्या पुढील फेरीचे शुल्क वेगळे असते. शिवाय सीमेवरील संघाला शेजारच्या डिस्ट्रिक्टमधील जवळच्या स्पर्धेत खेळून गुण मिळत नाहीत. प्रवासखर्च आणि देणग्यांची जुळवाजुळव पालक व विद्यार्थी आधीच करतात. म्हणून लाभाइतकीच ही बंधनेही नोंदणीपूर्वी स्पष्ट सांगणे, हाच प्रामाणिकपणा होय.